गणपतीला विजेची गाडी नेणार असशील तर

अगं, गाडीचा रंग नंतर ठरव. आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेट. घाटकोपरातल्या जुन्या इमारतींत पार्किंगपर्यंत वायर कुठून ओढायची आणि बिल कुणाच्या नावावर, इथेच घोडं अडतं. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या नियमांत मुभा आहे, हे कमिटीला गोडीत सांग. भांडू नकोस, पाण्याचा पंपही त्यांच्याच हातात असतो!

बाहेर चार्जर आहेत, मान्य. टाटा पॉवरने मुंबईतलं आपलं पहिलं चार्जिंग स्टेशन 2017 साली आपल्या शेजारी, विक्रोळीतच सुरू केलं. पण रोजची गाडी बाहेरच्या चार्जरवर पोसायची नसते. दर घरच्यापेक्षा चढा, वर 18 टक्के जीएसटी, आणि आधीची गाडी निघेपर्यंत ताटकळायचं.

खरी परीक्षा गणपतीला गावी जाताना, रत्नागिरीची. शहर लहान, चार्जर मोजके, त्यातला एखादा बंद. पावसात लाइट गेली की चालू असलेलाही गप्प. म्हणून महाडला किंवा चिपळूणला गाडी भरून घे आणि निम्मी बॅटरी शिल्लक ठेवूनच रत्नागिरीत शीर. कंपनी सांगते ती रेंज एसी, चार माणसं, डिकीभर सामान आणि घाट धरून नसते. निघण्याआधी चार्जरवाल्याला फोन कर. अ‍ॅपवर हिरवा ठिपका दिसतो म्हणून यंत्र चालू असेलच असं नाही. प्रत्येक कंपनीचं अ‍ॅप वेगळं, ती सगळी घरीच उतरवून घे.

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत तर घाटकोपरची असल्फा, भटवाडी सगळीच कोकणच्या रस्त्यावर असते. फास्ट चार्जरवरही एका गाडीला तासभर लागतो. पुढे तिघं असतील तर हिशेब तूच कर. आणि 80 टक्क्यांनंतर वेग उतरतो, तेव्हा शंभराचा हट्ट नको. मागचे शिव्या घालतात, आणि बरोबरच घालतात.

राज्याच्या 2025 च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय म्हटली आहे. होईल तेव्हा होईल. तोवर गावच्या घरी 15 अँपिअरचा प्लग बसवून घे. तासाला तीनेक युनिट जातात, म्हणजे 30 युनिटची बॅटरी रात्रभरात भरते. अर्थिंग मात्र चोख हवं, नाहीतर गाडी वीज घेतच नाही. एक्स्टेन्शन बोर्डाचा उद्योग अजिबात नको. वायरमनला आषाढातच गाठ, श्रावण लागला की तो कुणाच्या हाती लागत नाही.

सोसायटीत आणि गावात, दोन्हीकडे प्लग मिळत असेल तर खुशाल घे गाडी. नसेल तर यंदा राहू दे, ठाण्याहून कोकणकन्या एक्सप्रेस पकड. तिचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेवढं विसरू नकोस.