जुन्या कॅम्पर व्हॅनचे टायर: आधी वजनकाटा, मग टायरचं दुकान



महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सर, जुनी व्हॅन घेऊन कॅम्पर बनवली आणि भाड्याने दिली तर?" धंदा चांगला आहे. पण बहुतेकांचं बजेट बेड, किचन, सोलर आणि रंगावर संपतं, आणि टायरचा नंबर शेवटी लागतो. म्हणून व्हिडिओत घाईघाईत सांगितलेला हा विषय इथे सावकाश घेऊ.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. एक तरुण आपली नवीकोरी सजवलेली कॅम्पर घेऊन दुकानात आला. मूळ व्हॅन जुनी, पण काम सुंदर केलेलं. म्हणाला, "दादा, नुसतं अलाइनमेंट करून द्या. टायर एकदम ओके आहेत, बटणं बघा ना." बटणं खरंच शाबूत होती. वरून काळं पॉलिश मारलेलं. मी ओल्या फडक्याने साइडवॉल पुसली, तर खाली केसासारख्या बारीक भेगा. तारखेचा कोड होता १९१४, म्हणजे टायर २०१४ सालच्या मे महिन्यातले, दहा वर्षं उलटून गेलेले. आणि चार दिवसांनी एक कुटुंब ती गाडी घेऊन कोकणात उतरणार होतं.

तो म्हणाला, "एवढी ट्रिप होऊ द्या, त्याच पैशातून टायर घेतो." आजचा धडा या एका वाक्याबद्दल आहे.

१. टायर झिजून मरतो, तसा वयानेही मरतो

रोज धावणाऱ्या टेम्पोचा टायर झिजून गोटा होतो, मग मालक बदलतो. कॅम्परचं उलटं असतं. ती महिनोन्‌महिने एका जागी उभी असते. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला कडक करत जातात. टायर फिरत राहिला तर रबरातली संरक्षक द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत तेही होत नाही. त्यामुळे ग्रिप भरपूर, पण आतून टायर म्हातारा.

सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या ए-३ रस्त्यावर संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन जणांचा जीव गेला. तो टायर १९ वर्षांचा होता. पुढे फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये नियमच आला: बस आणि लॉरीच्या पुढच्या चाकांना, तसंच मिनीबसच्या सिंगल चाकांना दहा वर्षांहून जुना टायर चालणार नाही.

आपल्याकडे मोटार वाहन नियमांत चारचाकीसाठी किमान १.६ मिमी ग्रिप सांगितली आहे. पण ग्रिप मोजून वय कळत नाही. वय कळतं चार आकडी कोडवरून: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा, तिथे चर्चाच नको. हा कोड कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतो. बाहेरून दिसला नाही तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघा. आणि स्टेपनी विसरू नका. ती बहुतेक वेळा सगळ्यात जुनी असते.

माझा हिशोब सोपा आहे. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर उतरवून तपासणी. भाड्याच्या कॅम्परला सहा-सात वर्षांत बदल. दहा वर्षं ही शेवटची हद्द, तिथपर्यंत पोचायचंच असं नाही.

२. "सेम साइज" या शब्दाने फसू नका

व्हॅनच्या टायरवर समजा २२५/७० आर १५ सी ११२/११० आर असं लिहिलंय. २२५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के. पहिला आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचे इंच, सी म्हणजे व्यावसायिक गाडीचा मजबूत टायर. काही कंपन्या त्याऐवजी एलटी लिहितात. शेवटचा आर म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी १७० किमी.

कामाचा आकडा आहे ११२/११०. हा लोड इंडेक्स. ११२ म्हणजे टायर एकटा असेल तर ११२० किलो, ११० म्हणजे जोडचाकात प्रत्येकी १०६० किलो.

आता गंमत बघा. २२५/७० आर १५ याच मापात कारचा टायरही मिळतो, त्याचा लोड इंडेक्स १०० असतो, म्हणजे ८०० किलो. माप तेच, रिमवर बसतो पण मस्त, आणि स्वस्तही पडतो. पण एका टायरमागे ३२० किलोची ताकद गेली! म्हणून दुकानात "२२५/७० चा द्या" एवढंच म्हणू नका, पूर्ण ओळ वाचून दाखवा. लोड इंडेक्स कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी कधीच नको. जास्त चालेल, पण त्याने गाडीची वजन क्षमता वाढत नाही. ती आरसीवर लिहिलेली असते तेवढीच.

३. आधी वजनकाटा

कॅम्परला रोज भार वाहायचा असतो, कारण घर उतरवून ठेवता येत नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, टाकीसकट जवळपास ३० किलो. वर बॅटऱ्या, प्लायवूड, फ्रीज, पाहुणे आणि त्यांच्या बॅगा.

गाडी पूर्ण भरा, माणसांसकट, आणि जवळच्या वजनकाट्यावर न्या. आधी सगळ्या गाडीचं वजन, मग पुढची चाकं एकटी, मग मागची. काटा आणि बाजूची जमीन एका पातळीत असेल तर मागचं डावं आणि उजवं चाकही वेगवेगळं करून घ्या.

त्या तरुणाच्या गाडीचं आम्ही असंच केलं. मागच्या ॲक्सलवर २१८० किलो भरले. ११२ इंडेक्सचे दोन टायर म्हणजे २२४० किलो. तो खूष झाला. मग एकेक चाक मोजलं: उजवीकडे १०००, डावीकडे ११८०! किचन, पाण्याची टाकी, बॅटरी सगळं डाव्या बाजूला. म्हणजे ॲक्सल पास, पण डावा टायर ६० किलोने नापास. नवे टायर घालूनही हा दोष तसाच राहिला असता. शेवटी बॅटऱ्या उजव्या बाजूला हलवल्या, तेव्हा कुठे जमलं.

एकूण वजन आरसीवरच्या आकड्याच्या वर गेलं तर टायर हा उपाय नाही, सामान कमी करा. आणि गाडीत केलेला बदल आरटीओकडे नोंदवलेला आहे ना, तेही बघून घ्या.

४. घेताना आणि बसवताना

- आयएसआय मार्क बघा. पैसे देण्याआधी प्रत्येक टायरचा तारखेचा कोड स्वतः वाचा. सहा महिन्यांहून जुना असेल तर मी दुसरा मागतो.
- एका ॲक्सलवर एकाच प्रकारचे टायर. एकीकडे रेडियल, एकीकडे नायलॉन असं नको. जोडचाकं असतील तर दोन्हींची उंची सारखी आणि मध्ये पुरेशी फट हवी.
- रिमोल्ड टायर स्वस्त पडतात. पण पर्यटक घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांना मी ते लावत नाही.
- व्हॉल्व नवे घ्या. साधा रबरी व्हॉल्व साधारण ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतो. त्याहून जास्त लागत असेल तर धातूचा घ्या.
- हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते गाडीच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. टायरवर छापलेला कमाल दाब ही त्या टायरची मर्यादा आहे. आणि प्रवासात टायर गरम होऊन दाब वाढला म्हणून हवा काढू नका.
- बसवल्यावर ५० ते १०० किमी झाले की नट पुन्हा आवळा.

५. आता धंद्याचा हिशोब

टायरचा खर्च अंगावर येतो, कारण आपण तो एकदम मोजतो. समजा एक टायर ९,००० रुपये. स्टेपनी धरून पाच, म्हणजे ४५,०००. आयुष्य सहा वर्षं धरलं आणि वर्षाला १०० दिवस गाडी भाड्याने गेली, तर ६०० दिवस. म्हणजे दिवसाला ७५ रुपये! एवढे भाड्यात धरा आणि पहिल्या बुकिंगपासून वेगळ्या खात्यात टाका. गाडी चालो न चालो, टायरचं वय वाढतंच. म्हणून वर्षाच्या शेवटी ७,५०० जमले नसतील तर खिशातून भरा.

त्या तरुणाकडे हे खातं नव्हतं. म्हणून "त्याच पैशातून टायर घेतो" ही वेळ आली. मी त्याला एवढंच विचारलं, "त्या गाडीत तुझे आईवडील बसणार असते तर?" थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग बाहेर जाऊन त्याने ग्राहकाला फोन केला, खरं कारण सांगितलं आणि ॲडव्हान्स परत केला. दिवाळीचा सीझन हातातून गेला, नुकसान झालंच. पण तेच कुटुंब जानेवारीत परत आलं. म्हणाले, टायर खराब आहेत हे स्वतःहून सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटला.

भाड्याच्या धंद्यात आपण गाडी देतो, आणि समोरचा आपल्यावर भरवसा ठेवून मुलाबाळांना त्यात बसवतो. तो ग्राहक गाडीखाली वाकून कोड वाचणार नाही. ते काम आपलं आहे.

आजचा गृहपाठ: घरची कुठलीही चारचाकी घ्या. पाचही टायरचा तारखेचा कोड आणि लोड इंडेक्स वहीत लिहा. जुनी व्हॅन बघायला जाणार असाल तर हीच वही आणि एक ओलं फडकं सोबत न्या. टायर बदलायचे निघाले तर तो खर्च व्यवहाराच्या बोलणीतच धरा, नंतर नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.