आधी ओझं, मग घंटी

ऋतुजा : मामा, दूधवाल्याची एक जुनी डबल दांडीची सायकल मिळतेय. तिच्यावरून नर्सरीतली रोपं घरोघरी पोचवायची आहेत. जुन्या वळणाची कातडी सीट, गोल दिवा, पितळेची घंटी, पुढं लाकडी खोकं, असं सगळं लावून तिला सजवायचं म्हणते. पार्ट नवेच, फक्त घडण जुनी. सुरुवात घंटीपासून करू का?

मामा : घंटी सगळ्यात शेवटी. अगं, या सायकलीकडं जुनी म्हणून बघू नकोस, हमाल म्हणून बघ. आपला नगर जिल्हा दुधाचा. मोटरसायकली घरोघर येण्याआधी वस्तीवरून डेअरीपर्यंत दूध याच सायकलींनी वाहिलं. वीस लिटरच्या दोन कॅन धर. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणजे नुसतं दूधच एक्केचाळीस किलो झालं; त्यात कॅनचं वजन आणि चालवणारा माणूस वेगळा. या सायकलीचा एकेक भाग त्या ओझ्यानं घडवलाय. वरची दांडी दुहेरी, कारण मागं वजन लटकलं की चौकट पिळवटायला बघते. चिमट्याला जादा सळया, कारण चाक खड्ड्यात आपटलं की चिमटा मागं वाकतो. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, कारण भार मागं जास्त. हा रिवाज इंग्रजी सायकलींकडून आला आणि आपल्या काळ्या सायकलींनी तो जपला. कॅरिअरचे पाय मडगार्डवर टेकत नाहीत, थेट एक्सलपाशी उतरतात. कॅनही दोन्ही बाजूंना खाली लटकवतात, म्हणजे वजनाचा मध्य खाली राहतो आणि सायकल कलंडत नाही. ज्याला तू जुनं रूप म्हणतेस, तो वजनाचा हिशेब आहे. म्हणून प्रत्येक पार्टला आधी विचारायचं, तुझ्यावर काय टेकणार आहे? काही टेकणार असेल तर मजबुती आधी, रूप नंतर. काहीच टेकणार नसेल तर खुशाल हौस कर.

ऋतुजा : हे पटलं. पण मला खुपतंय ते वेगळंच. आज तयार झालेला पार्ट मुद्दाम जुना दिसेल असा घ्यायचा, हे खोटं नाही का?

मामा : खऱ्याखोट्याकडं येऊ, आधी चाकाकडं ये. माणसं फसतात ती तिथंच. या सायकलीचा टायर ‘२८ बाय दीड’. हल्लीच्या बऱ्याच सायकलींचा टायर ७००सी मापाचा, आणि त्यालाही दुकानात २८ इंचीच म्हणतात. नाव एक, माप दोन. जुन्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर, नव्या मापाचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक म्हणजे कितीही ओढलंस तरी टायर चढणार नाही. तेव्हा टायरच्या कडेवरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे काढू नकोस. नंतर तारा मोज, सैल असतील त्या ताणून घे, चाकाची आऊट, म्हणजे डगमग, काढून घे. पायडलचा दांडा कॉटर पिनेनं बसवलेला असतो. पिन ढिली असेल तर ठोकत बसू नकोस, बदल. ठोकायचीच वेळ आली तर दांड्याला खालून भक्कम टेकू दे, नाहीतर हातोडीचा मार आतल्या बेरिंगला बसतो. ही कामं हल्ली कुणाला नको असतात. आऊट काढून द्या म्हटलं की उत्तर ठरलेलं, नवं चाक टाका. पंक्चर म्हटलं की नवी ट्यूब. साहिबाबादचा ॲटलास सायकलचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी. मोठे कारखाने मिटतात त्याची बातमी तरी होते. हातातलं कसब मिटतं, त्याची होत नाही.

ऋतुजा : टायर ६३५चाच घेईन, पिनही बघते. पण मामा, हॉटेलात शोभेला भिंतीवर सायकल टांगतात, तसलंच नाटक होणार नाही ना माझं?

मामा : नाटक आहे की नाही, ते ब्रेक ठरवतील. या सायकलीला सळ्यांचे ब्रेक आहेत. दिसायला देखणे, आणि जुन्या सायकलीची ओळखच ती. पण ते रिमच्या आतल्या बाजूला रबर दाबतात, आणि रिम स्टीलची. पावसात ओल्या स्टीलवर रबराची पकड पार घटते. आता हिशेब कर. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो, रोपं-कुंड्यांसह दीडशे. तेवढ्याच वेगाला थांबवायचं तर ब्रेकचं काम दीडपटीहून जास्त. उतारावर वेग दुप्पट झाला तर तेच काम चौपट. करंजी घाटासारख्या उतारावर पावसाळ्यात भरल्या सायकलीला नुसत्या सळ्यांच्या भरवशावर कोण सोडेल? तू म्हणशील, मग चिमटीचे ब्रेक लावू. या रिमची कड गोल असते, चिमटीच्या रबराला टेकायला सपाट बाजूच मिळत नाही. म्हणजे रिमही बदलावी लागेल. त्यापेक्षा हबमधला ड्रम ब्रेक बरा. तो बंद डब्यात असतो, पावसाचं पाणी सहसा आत जात नाही. आणि ही काही आजची टूम नाही, इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरनं १९३० च्या दशकातच असे हब काढले होते. तारांच्या छिद्रांची संख्या रिमशी जुळवून घे, आणि ड्रमची पट्टी चिमट्याला घट्ट बांध. ती सुटली तर ब्रेक दाबताच ड्रमची प्लेटही हबबरोबर फिरेल आणि चाक निखळू शकेल. सळ्या काढून टाकायची गरज नाही. राहू देत जोडीला.

ऋतुजा : म्हणजे मी म्हणते तेच झालं की. आत सगळं नवं, आणि बाहेरून जुन्याचा आव.

मामा : तीनदा तेच विचारलंस, आता ऐक. टायर दर काही वर्षांनी नवा येतो, ब्रेकची रबरं येतात, साखळी येते. चालती सायकल कधीच सगळीच्या सगळी जुनी नसते. तेव्हा नवेपणा म्हणजे खोटेपणा नव्हे. खोटेपणा कुठं सुरू होतो सांगतो. तेजाब लावून मुद्दाम गंज आणणं, नव्या रंगावर ओरखडे काढणं, कधी न झालेल्या कष्टांचा पुरावा रचणं, हे खोटं. जुन्या घडणीचा नवा पार्ट जुन्याचंच काम करत असेल तर ती दुरुस्ती. आपल्या नगरचंच उदाहरण घे. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच निघतं. इथल्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनीअरिंगनं १९७२ मध्ये लूना आणली. ५० सीसीचं इंजिन आणि जोडीला पायडल. सायकल आणि मोटरसायकल यांच्या मधली ही गाडी लोकांनी मिरवली कमी आणि लादली जास्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाची विजेवरची लूना आली, तीही नगरच्याच कारखान्यात बनते. इंजिन नाही, धूर नाही, जुना पार्ट एकही नाही. पण चाकं मोठी, सोळा इंची. हँडल आणि सीटच्या मधे सामान ठेवायला मोकळी जागा. भार दीडशे किलोचा. नाव जुनं घेतलं आणि त्याबरोबर कामही जुनंच घेतलं. म्हणून तिला मी सोंग म्हणत नाही. नाव घेऊन ओझं टाकून दिलं असतं, तर म्हटलं असतं.

ऋतुजा : मग जुनी लूनाच घेऊन का सजवू नये? पायडल मारायचे कष्ट तरी वाचतील.

मामा : तिथं कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. सायकलीला ना नोंदणी ना आरटीओ. पण म्हणूनच जबाबदारी जास्त. तपासायला कुणी येणार नाही, तपासणारी तूच.

ऋतुजा : बरं, आता माझी यादी. सीट, दिवा, खोकं, क्रोम.

मामा : कातडी सीट घे, मागं जाड स्प्रिंगांची. या सायकलीवर माणूस ताठ बसतो, त्यामुळं अंगाचं बहुतेक वजन सीटवरच येतं. तिथं स्प्रिंग ही शोभा नाही. गोल दिव्याच्या खोळीत एलईडी घाल, आणि मागं लाल रिफ्लेक्टर विसरू नकोस. क्रोमचं जपून. स्वस्त मुलामा पातळ असतो, एक-दोन पावसाळ्यांत फुगतो. सायकलीचे मूळ पार्ट पुन्हा मुलाम्याला देण्याआधी नुसते पुसून बघ. घासून पॉलिश करताना कोरलेली अक्षरं झिजतात. खोक्याचं मात्र मी ऐकणार नाही. ते हँडलवर टांगलंस तर वळताना सगळं वजन हाताशी भांडेल. इंग्लंडात पाववाल्या-खाटकांच्या सायकलींना पुढचं चाक लहान असे आणि त्यावरची टोपली हँडलला नाही, चौकटीला जोडलेली. हँडल वळलं तरी टोपली जागची हलत नसे. तसं जमत असेल तर पुढं लाव, नाहीतर रोपं मागं, कॅनच्याच जागी, दोन्ही बाजूंना खाली.

ऋतुजा : पण पुढं खोकं नसलं तर लोकांना रोपं दिसणार कशी? तीच तर माझी जाहिरात.

मामा : हं. हा मुद्दा मी धरला नव्हता. दिसणं हेही तुझ्या धंद्यात एक काम आहे म्हणायचं. मग चौकटीला जोडायच्या खोक्याचे पैसे बाजूला ठेव आणि घंटी साधी घे. पितळेची पुढच्या वर्षी.