तोंडातील रहिवासी

मुलांनो, आरशासमोर तोंड उघडून पाहा. दात, जीभ आणि हिरड्या दिसतील. पण तेथे डोळ्यांना न दिसणारे रहिवासीही आहेत. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. त्याला भिंगे बनवण्याचा छंद होता. १६८३ साली त्याने दातांवरचा पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात चिमुकले जीव वळवळत होते! तेच हे जीवाणू.

एरवी बहुतेक जीवाणू आपल्याला त्रास देत नाहीत. तोंडातील नाजूक अस्तर भिंतीसारखे उभे असते. त्यातील पेशी सतत झिजतात आणि नव्या पेशी त्यांची जागा घेतात.

कर्करोगाच्या पेशीही भराभर वाढतात. त्या रोगावरील अनेक औषधे अशा वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालतात. मग अस्तरातील चांगल्या पेशीही मरतात आणि तोंडात जखमा होतात. त्याच वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. म्हणजे भिंत पडली आणि पहारेकरीही नाहीत! जीवाणू रक्तात शिरले, तर रोग्याच्या जिवाला धोका असतो. शिवाय तोंड दुखते म्हणून तो जेवत नाही. कधीकधी उपचारही थांबवावे लागतात.

समजा, तुमच्या नानीवर असे उपचार चालू आहेत. तुम्ही काय कराल? उपचारांपूर्वी दातांच्या डॉक्टरांना दाखवण्याची आठवण करा. तिला मऊ ब्रश आणून द्या. जखमा असताना मिसवाक टोचू शकते. डॉक्टरांना विचारून मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या तिला करायला द्या. तिखट, आंबट, गरम पदार्थांऐवजी कोमट, मऊ खिचडी द्या. घरात कोणी तंबाखू खात असेल, तर तिला त्यापासून दूर ठेवा. आणि ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालयात न्या.

औषधामुळे झालेल्या जखमा बहुधा दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. नानी ताट बाजूला सारील, तेव्हा तिला हे सांगा. धीराचा एक शब्दही घास गिळायला बळ देतो.

शब्दार्थ
अस्तर – आतील पातळ थर
पहारेकरी – राखण करणारा
धीर – हिंमत

स्वाध्याय
१. लेव्हेनहूकने काय पाहिले?
२. उपचारांच्या वेळी तोंडात जखमा का होतात?
३. रोग्याला ताप आल्यास काय करावे?