तक्रार करणारा भाडेकरू स्वस्त पडतो

भाडेकरूचा स्वभाव घरमालकाला कळू लागतो तो साधारण तिसऱ्या महिन्यापासून. पहिले दोन महिने सगळेच वेळेवर भाडे देतात आणि जिन्यात भेटले की थांबून बोलतात. करार मात्र त्याआधीच झालेला असतो. त्यामुळे माणूस पारखून करार करण्याची सोय प्रत्यक्षात फारशी नसते. कोणताही माणूस निघाला तरी निभेल असा करार आधी करावा आणि वागण्याची रीत स्वभाव कळल्यावर ठरवावी, असाच क्रम पुण्या-मुंबईत चार-पाच भाडेकरू पाहिलेले मालक पाळतात.

घर दाखवताना आडनाव, आहार, लग्न झाले आहे की नाही याची चौकशी हमखास होते. भाडे वेळेवर येईल का, मोरीचे पाणी तुंबले तर कळवले जाईल का, याबद्दल या चौकशीतून काहीही हाती लागत नाही. आधीच्या घरमालकाला फोन करणे अधिक उपयोगाचे. त्यातही आत्ता ज्याच्या घरात तो राहतो त्याचे मत जपूनच घ्यावे, कारण नकोसा भाडेकरू बाहेर पडावा म्हणून तो तोंडभर स्तुती करू शकतो. त्याच्याही आधीच्या मालकाला खरे बोलण्यात काही तोटा नसतो.

कराराबाबत महाराष्ट्रातला कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडापेक्षा मोठी मेख वेगळीच आहे. नोंदणी नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरते’ हे एजंटाचे वाक्य अजूनही कानावर येते आणि ते चूक आहे. नोंदणी ऑनलाइन होते, शहरात तिची फी १,००० रुपये आहे. एवढे पैसे वाचवून मालक स्वतःच्याच अटी भाडेकरूच्या हवाली करतो.

सर्वांत महाग पडतो तो गोड बोलणारा. “काका, पगार अडकलाय, दहा तारखेला नक्की.” दहाची सतरा होते, सतराची पुढच्या महिन्याची पाच. प्रत्येक कारण कदाचित खरेही असते. मालकाच्या आजारपणात दवाखान्यात सोबत येणारा, दिवाळीला फराळाचा डबा आणून देणारा हाच असतो, त्यामुळे त्याच्याकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. मग एक दिवस तोच सुचवतो की, दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करून घ्या. इथे होकार दिला की डाव हातचा गेला. डिपॉझिट हे घर सोडतानाच्या नुकसानीसाठी आणि थकबाकीसाठी असते. तीन महिन्यांच्या डिपॉझिटमधून दोन महिने आधीच वजा झाले, तर शेवटी वीजबिल आणि तुटलेले दार भागवायला फारसे काही उरत नाही आणि भाडेकरूलाही घर नीट परत देण्याचे कारण राहत नाही.

अशा माणसाशी भांडण करू नये आणि भीडही ठेवू नये. भाड्याची तारीख उलटली की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा व्हॉट्सअॅप संदेश पाठवावा. आवाज न चढवता, पण पहिल्याच वेळी. पाचव्या उशिरानंतर पाठवलेला पहिला संदेश हा अपमान वाटतो, पहिल्या उशिराला पाठवलेला रिवाज होतो. अर्धी रक्कम आली तर जरूर घ्यावी, पण पावतीवर उरलेली बाकी लिहावी. मुदत संपूनही त्याने घर सोडले नाही, तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारात कलम २४ कामी येते. त्यानुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. रागाच्या भरात नळ किंवा वीज तोडणारा मालक मात्र कलम २९ खाली स्वतःच आरोपी होतो. थकबाकी कितीही असली तरी ती सबब तिथे चालत नाही.

त्याच्या खालोखाल खर्चिक असतो मुका भाडेकरू. भाडे एक तारखेला, आवाज नाही, पाहुणे नाहीत. मालक नातेवाइकांत त्याचे कौतुक करतो. बाथरूमच्या कोपऱ्यात फरशीचे सांधे निघालेले असतात आणि पाणी झिरपत असते. ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ म्हणून तो बोलत नाही. वर्षभराने खालच्या मजल्यावरचे गृहस्थ छताचे पोपडे दाखवायला येतात. मग सांधे भरून भागत नाही, फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करावे लागते, शिवाय खालच्यांचे रंगकाम. या स्वभावावर उपाय म्हणजे स्वतः जाऊन पाहणे. आगाऊ सूचना देऊन सोयीच्या वेळी जागा पाहण्याचा हक्क कलम २८ मालकाला देते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, बाथरूमचे कोपरे, सिंकखालचा पाइप, खिडकीच्या कडा आणि विजेचा बोर्ड एवढे पाहिले तरी बरेच संकट टळते.

सतत तक्रार करणाऱ्याला मालक वैतागतात. गीझर आवाज करतो, नळ ठिबकतो, वरच्या मजल्यावरची मुले उड्या मारतात. यातली शेवटची तक्रार ऐकून घ्यावी आणि सोडून द्यावी. पहिल्या दोन मात्र फुकट मिळालेली पहारेकऱ्याची चाकरी आहे. वेळेत बदललेल्या वॉशरला किरकोळ पैसे लागतात. फक्त फोनवर नको, लिहून कळवा, असे सांगावे. लिहायचे म्हटल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप गळतात आणि उरलेल्या खऱ्या असतात.

कायदा पाठ असलेला भाडेकरूही असाच उगाच बदनाम आहे. तो पावती मागतो, कराराची प्रत मागतो, वाढीची टक्केवारी वाचून दाखवतो. लेखी शब्द त्यालाही बांधतो, म्हणून त्याच्याशी व्यवहार सोपा असतो. (जुन्या पागडीच्या घरांची गोष्ट निराळी. तिथे स्वभावाचा नव्हे, पिढ्यांपासून चालत आलेल्या हक्काचा प्रश्न असतो.)

पुण्यातल्या सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुले एका फ्लॅटमध्ये चार-पाच जण राहतात. तिथे एका स्वभावाशी नव्हे, मेळ्याशी गाठ असते. करार एकाच्या नावावर, तो परीक्षा आटोपून गावी गेलेला, त्याच्या जागी आलेल्या मुलाचे नावही मालकाला ठाऊक नाही, हे सर्रास घडते. सगळ्यांची नावे करारात असावीत, पूर्ण भाड्याची जबाबदारी सगळ्यांची मिळून असावी आणि नवा मुलगा आला तर त्याचे कागद व पोलिसांना द्यायची माहिती त्याच आठवड्यात पुरी व्हावी. जबाबदारी वाटून दिली की प्रत्येक जण आपला वाटा देऊन मोकळा होतो आणि गेलेल्याचा वाटा मालकाच्या गळ्यात पडतो.

मालकाचे स्वभावही असतात. वरच्याच मजल्यावर राहणारा, दाराबाहेरच्या चपला मोजणारा, जादा किल्लीने आत डोकावणारा मालक चांगला भाडेकरू वर्षभरात घालवतो. घर दिले की दाराची कडी वाजवूनच आत जायचे.

घर सोडताना मात्र सगळे स्वभाव एकाच मुद्द्यावर येऊन भांडतात, तो म्हणजे डिपॉझिट. राहायला येण्याच्या दिवशी दोघांनी मिळून काढलेले भिंती, नळ, पंखे यांचे फोटो आणि मीटरचा आकडा असेल तर वाद मिनिटांत मिटतो. वापराने मळलेल्या भिंतीचा रंग कापायचा की नाही, हे करारातच लिहिलेले असावे. शेवटचे वीजबिल नंतर येते, म्हणून मीटरच्या आकड्यावरून अंदाजे तेवढी रक्कम मागे ठेवावी, ती किती ठेवली ते लिहून द्यावे आणि बाकीचे डिपॉझिट किल्ली हातात पडताच त्याच दिवशी परत करावे.