हप्ता भरून हातात काय उरतं?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. हातात येणारा पगार मिळून ९२ हजार. धायरीत भाड्याने राहतो, भाडं १८ हजार. मुलगी दुसरीत आहे. सगळा खर्च जाऊन महिन्याला साधारण २० हजार शिल्लक पडतात. आजवरची बचत २० लाख आहे. बारा वर्षं जुन्या सोसायटीतला एक फ्लॅट ६० लाखांना मिळतोय आणि बँक ४८ लाख कर्ज द्यायला तयार आहे. मेंटेनन्स फक्त दोन हजार. हप्ता जमेल असं बँक म्हणते. पण घर घेतल्यावर महिन्याला नेमकं किती लागेल, हे नीट कोणी सांगत नाही. तुम्ही सांगाल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सांगते. आधी हप्ता बघू. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी ४८ लाख घेतले, तर हप्ता बसतो सुमारे ४१,६५० रुपये. भाड्याचे १८ हजार वाचतील, हे खरं. पण आज सोसायटीचं बिल आणि घरपट्टी तुमचा घरमालक भरतो, भिंतीत ओल आली तरी त्यालाच फोन जातो. उद्या ते सगळं तुमच्याकडे येईल.

‘मेंटेनन्स फक्त दोन हजार’ यातल्या ‘फक्त’पाशी मला थांबावंसं वाटतं. बारा वर्षांच्या इमारतीचा मेंटेनन्स इतका कमी असेल, तर आनंद मानण्याआधी पावती हातात घेऊन वाचा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिसचा खर्च हे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, घर लहान असो की मोठं. (तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, तर खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे वाटला जातो. डीड बघा.) त्याशिवाय दोन निधी असतात. दुरुस्ती निधीसाठी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का दरवर्षी जमा व्हायला हवा. यात जमिनीची किंमत धरायची नाही. बांधकाम खर्च १५ लाख धरला, तर दोन्ही मिळून वर्षाला १५ हजार, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये होतात.

पावतीवर हे दोन रकाने कोरे असतील, तर ती स्वस्ताई उसनी आहे. लिफ्ट बदलायची वेळ येते, गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघतं, बाहेरून प्लास्टर आणि रंग काढावा लागतो. निधी नसला, की सर्वसाधारण सभेत ठराव होतो आणि प्रत्येक घराकडून एकरकमी पैसे मागितले जातात. बारा वर्षं झालेल्या इमारतीत ही कामं जवळ आलेली असतात. आधीच्या मालकाने न भरलेले पैसे अशा वेळी नव्या मालकाच्या खिशातून जातात. म्हणून सेक्रेटरींकडे मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब आणि सभांची इतिवृत्तं मागा. बँकेत ठेव किती, थकबाकीदार किती, उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च झाला, हे त्यात दिसतं. तुमच्या भागात टँकरचा आकडा आवर्जून बघा. एप्रिल-मेचा मेंटेनन्स डिसेंबरच्या मेंटेनन्ससारखा नसतो.

घरपट्टी वर्षाची भरायची असते, म्हणून महिन्याच्या हिशेबातून ती निसटते. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत देते. आधीच्या मालकाने घर भाड्याने दिलं असेल, तर ती मिळतेय का हे तपासा आणि नसेल तर पीटी-३ अर्ज भरा.

आता बेरीज. मेंटेनन्स निधी धरून साडेतीन हजार, घरपट्टीचे हजार, घरातल्या दुरुस्त्यांसाठी दीड हजार, असे सहा हजार मी धरते. हप्ता मिळवला की ४७,६५०. आजच्या भाड्यापेक्षा २९,६५० जास्त. तुमच्याकडे शिल्लक पडतात २० हजार. म्हणजे दर महिन्याला साडेनऊ हजारांहून जास्त कमी पडणार, आणि बचत शून्य.

मुदत २५ वर्षं केली तर? हप्ता ३८,६५० वर येतो, तरीही भागत नाही. शिवाय महिन्याला तीन हजार वाचवण्यासाठी एकूण व्याज सुमारे १६ लाखांनी वाढतं. आणि साडेआठ टक्के हा व्याजदर कायमचा नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा कित्येकांचा हप्ता तरी वाढला नाहीतर मुदत तरी. तुमच्या कर्जावर एक टक्का वाढला, तर हप्ता ४४,७४० होईल.

करात सूट मिळेल या भरवशावरही राहू नका. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत आहे, नव्या प्रणालीत नाही. तुमचा पगार कोणत्या प्रणालीत आहे, ते आधी विचारून घ्या.

बचतीचंही बघा. १२ लाख पदरचे घालायचे, मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार. साडेसोळा लाख तिथेच गेले. उरलेल्या साडेतीन लाखांतून रंग, ग्रिल, ओटा आणि आजारपणाची पुंजी, सगळं कसं बसवणार?

बँक ४८ लाख देते, कारण ती हप्ता वसूल होईल का एवढंच मोजते. जूनमधली शाळेची फी, दिवाळी, आई-वडिलांची औषधं हे तुम्हालाच मोजावं लागतं. माझ्या हिशेबाने तुम्हाला झेपणारा हप्ता २८ हजारांचा आहे, म्हणजे कर्ज ३२ लाखांचं. तुमच्या बचतीतले १२ लाख धरले, तर घर ४४ लाखांच्या आसपासचं.

यावर विश्वास बसत नसेल, तर या महिन्यापासून पगार झाल्या दिवशी १६ हजार वेगळ्या खात्यात टाका. नव्या घराचे हप्ता धरून ३४ हजार आणि आजचं भाडं १८ हजार यांच्यातला हा फरक आहे. सहा महिने त्या खात्याला हात न लावता राहून बघा. जमलं तर ४४ लाखांचं घर निर्धास्त शोधा, रंग-ग्रिलसाठी ९६ हजारही साठलेले असतील. ६० लाखांच्या फ्लॅटला मात्र आज विसार देऊ नका.