जुन्या पिकअपमधील विजेची आग

जुन्या पिकअप गाडीतील बॅटरी अवघी 12 व्होल्टची असते. तिच्यापासून आग ती काय लागणार, असे पुष्कळांना वाटते. परंतु तारेचे तडकलेले आवरण घासून तार पत्र्याला टेकली, की तीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. त्यातून कोणी फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळली असेल, तर विचारायलाच नको. नुसती चावी बंद करून भागत नाही, कारण बॅटरीकडून स्विचकडे येणाऱ्या तारेत वीज असतेच. गाडी थांबवून प्रथम सर्वांनी बाहेर पडावे. ज्वाळा दिसत असल्यास दूर राहून अग्निशामक दलास बोलवावे. केवळ धूर असेल, तरच बॅटरीचे पत्र्याशी जोडलेले (बहुधा ऋण) टोक आधी सोडवावे. ते सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.