शेजारची मांजरे आणि परसातले वाफे

पावसाळा सरला की बडोद्याकडे परसात मेथी, कोथिंबीर, पालकाचे वाफे तयार होतात. माती भुसभुशीत झाली की शेजारची मांजरे नेमकी तिथे घाण करतात. विष्ठा पुरण्यासाठी मांजराला मोकळी, कोरडी माती लागते.

प्रश्न केवळ दुर्गंधीचा नाही. काही मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी बाहेर पडतो. १९०८ मध्ये त्याचा शोध लागला. मांजराचा त्यातील वाटा १९७० च्या सुमारास कळला. एक ते पाच दिवसांत तो रोग पसरवण्याजोगा होतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो. गरोदरपणी प्रथमच लागण झाल्यास गर्भपात होऊ शकतो किंवा बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा पोहोचू शकते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. विष्ठा रोजच्या रोज खुरप्याने उचलून वाफ्यापासून दूर खोल पुरावी. खताच्या खड्ड्यात टाकू नये. गरोदर स्त्रीने हे काम करू नये.

२. मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत. कच्ची खायची भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी.

३. बी पेरताच वाफ्यावर बाभळीच्या फांद्या किंवा तारेची जाळी अंथरावी.

४. शेजाऱ्यांना त्यांच्या अंगणात वाळूचा कोपरा करण्यास व तो रोज साफ ठेवण्यास सुचवावे.

विष मात्र घालू नये. १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय मांजर गेले की उंदीर वाढतात. भांडण्याआधी शेजाऱ्यांना हे समजावून सांगा. त्यांच्याही घरी लेकीसुना आहेत.